वाचक विचारतात : अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत

या महिन्याच्या टपालात एकाने भांड्याबद्दल विचारले, दुसऱ्याने भट्टीबद्दल, तिसऱ्याने साखरेबद्दल. पत्रे लावून ठेवताना लक्षात आले की सगळी मंडळी आवर्तसारणीच्या एकाच ओळीत उभी आहेत. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन आणि टोकाला अरगॉन. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून या वेळी ही ओळच घेतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, कॉलेजात नाही. त्यामुळे उत्तरांना रसाचा आणि गंधकाचा वास येणारच.

प्रश्न : मी लातूरला बारावीत आहे. सोडियमपासून क्लोरीनकडे जाताना ऑक्साइड आम्लारिधर्मी, मग उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी जुळणारे), मग आम्लधर्मी होतात, हे पाठ आहे. का होतात, तर "अधातू गुणधर्म वाढतो म्हणून". काका, हे उत्तर झाले का?

उत्तर : नाही झाले. हा तुझाच प्रश्न उलटा करून उत्तराच्या जागी ठेवला आहे.

तू आधी वहीत एवढेच लिही, की प्रत्येक मूलद्रव्याच्या एका अणूच्या वाट्याला त्याच्या साध्या ऑक्साइडात (पेरॉक्साइड सोडून) ऑक्सिजनचे जास्तीत जास्त किती अणू येतात. सोडियमला अर्धा, म्हणजे दोघांत एक. मॅग्नेशियमला एक, ॲल्युमिनियमला दीड, सिलिकॉनला दोन, फॉस्फरसला अडीच, गंधकाला तीन, क्लोरीनला साडेतीन. आजोबांना निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असेल तर त्यांना दाखव, खूश होतील. हे आकडे नुसते लक्षात ठेवायची युक्ती नाहीत. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीफने १८७१ सालच्या तक्त्यात प्रत्येक उभ्या रकान्याच्या माथ्यावर हेच प्रमाण छापले होते. इलेक्ट्रॉन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता, त्याचा शोध १८९७ चा. बिचाऱ्याच्या हातात होती अणूंची वजने आणि ऑक्साइडांची ही मोजणी. तेवढ्यावर त्याने सिलिकॉनच्या खालची जागा रिकामी ठेवली आणि सांगून टाकले की इथे येणाऱ्या मूलद्रव्याच्या ऑक्साइडात एकास दोन ऑक्सिजन असतील आणि त्याची घनता ४.७ भरेल. १८८६ मध्ये जर्मनीत विंक्लर या रसायनतज्ज्ञाला ते मूलद्रव्य, जर्मेनियम, सापडले. ऑक्साइडाची घनता ४.७ च निघाली.

आता 'का' कडे येऊ. ऑक्साइडाचा पाण्याशी संयोग झाला की तयार होणाऱ्या पदार्थात तिघे ओळीने उभे असतात : मूलद्रव्य, त्याला धरून ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनला धरून हायड्रोजन. कॉस्टिक सोड्यात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडात, हीच रचना आणि गंधकाच्या सल्फ्युरिक आम्लातही हीच. जोड दोन आहेत. पहिला तुटला तर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बाहेर पडते, म्हणजे आम्लारी. दुसरा तुटला तर हायड्रोजन एकटा सुटतो, म्हणजे आम्ल. सगळा प्रश्न कोणता जोड आधी तुटतो एवढाच.

सोडियमने आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन टाकलेला असतो. त्याचा ऑक्सिजनशी संबंध फक्त विद्युतभाराच्या ओढीचा, पाण्यात पडताच तो सुटतो. द्रावणाचा सामू (पीएच : ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी) १३-१४ पर्यंत जातो. मॅग्नेशियमचेही तेच, पण त्याचा आयन लहान आणि त्यावर भार दुप्पट, म्हणून पकड घट्ट. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात दहाएक मिलिग्रॅमच विरघळते आणि सामू १० च्या आसपास थांबतो. म्हणूनच मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे पाण्यात कालवलेले हेच हायड्रॉक्साइड, औषध म्हणून चमच्याने पिता येते. कॉस्टिक सोडा घसा जाळून टाकेल.

उजवीकडे सरकताना केंद्रकावरचा भार ११ वरून १७ पर्यंत चढतो, इलेक्ट्रॉनांचे कवच मात्र तेच राहते, त्यामुळे अणू आक्रसत जातो. तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देईनासा होतो, उलट त्याच्याकडचे ओढू लागतो. ऑक्सिजन मग ही तूट हायड्रोजनकडून भरून काढतो आणि दुसरा जोड सैल पडतो. ज्या ऑक्सिजनवर हायड्रोजन नाही, असे मोकळे ऑक्सिजनही या ओढीत सामील होतात. ते मोज. सिलिसिक आम्लात शून्य, फॉस्फोरिकमध्ये एक, सल्फ्युरिकमध्ये दोन, परक्लोरिकमध्ये तीन. एकेका मोकळ्या ऑक्सिजनमागे आम्लाची ताकद लाखपटीने, कुठे त्याहूनही जास्त वाढते. सिलिसिक आम्ल सोडावॉटरमधल्या कार्बोनिक आम्लापेक्षाही दुबळे, आणि परक्लोरिक सल्फ्युरिकलाही मागे टाकते.

याच हिशेबाने एका मूलद्रव्याचे दोन ऑक्साइड दोन स्वभावांचे निघू शकतात. भंडारा-नागपूरकडे ज्याच्या खाणी आहेत ते मँगनीज घे. एकास एक ऑक्सिजन असलेला त्याचा ऑक्साइड आम्लारिधर्मी, आणि एकास साडेतीनवाला आम्लधर्मी, तोही हिरवट तेलासारखा आणि स्फोटक. तेव्हा परीक्षेत नुसते "धातूचा ऑक्साइड आम्लारिधर्मी" असे लिहू नकोस, ऑक्सिजन मोज.

आणखी एक. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांवर पाणी घालून लिटमस बुडवलास तर काही होणार नाही, कारण ते विरघळतच नाहीत. एक उभयधर्मी, दुसरा आम्लधर्मी असूनही. त्यांचा स्वभाव पाण्यात दिसत नाही. कुठे दिसतो, ते पुढच्या दोन उत्तरांत आहे.

प्रश्न : माझ्याकडे सासूबाईंच्या वेळचे ॲल्युमिनियमचे पातेले आहे. पाणी उकळले की आतून काळे पडते, धुण्याच्या सोड्याने घासले तर आणखीच काळे. पण चिंचेचे पाणी उकळले की लख्ख. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला वाईट म्हणतात, मग ते साफ कसे होते? (एक गृहिणी, चिपळूण)

उत्तर : ताई, साफ होते ते वाईट असल्यामुळेच. तुम्ही ज्याला ॲल्युमिनियम म्हणून हात लावता ते ॲल्युमिनियम नव्हेच, वरची ऑक्साइडाची साय आहे. जाडी चारदोन नॅनोमीटर, पण इतकी घट्ट विणलेली की आतला धातू हवेला आणि पाण्याला दिसतच नाही. तसे ॲल्युमिनियम स्वभावाने जहाल. ती साय नसती तर तुमच्या पातेल्याने उकळत्या पाण्यातून हायड्रोजन काढला असता.

ही साय उभयधर्मी आहे. साधारण ४ ते ८.५ सामूच्या पट्ट्यात ती टिकते. चिंचेचे पाणी या पट्ट्याच्या खाली, सोडा वर. दोन्हीकडे ती विरघळते, फरक एवढाच की आम्लात ॲल्युमिनियमचे क्षार बनतात आणि सोड्यात ॲल्युमिनेट. आपले पाणी बहुतेक ठिकाणी थोडे आम्लारिधर्मी असते. ते उकळताना साय सुटत आणि पुन्हा जाड, ओबडधोबड साचत जाते. त्यात पत्र्यातल्या लोखंडासारख्या भेसळीचे कण उरतात आणि आतला भाग काळपट दिसतो. सोड्याने घासून तुम्ही हेच काम जोरात करता. चिंच तो काळा थर विरघळवते आणि खालचा ताजा धातू चमकतो. थर जातो कुठे, तर पाण्यात. तेव्हा चिंचेने पातेले उजळा आणि ते पाणी ओतून द्या. त्याच पातेल्यात आमटी करून उजळण्याची काटकसर नको. कोकमाचे सार, टोमॅटोची भाजी स्टीलमध्ये करा.

तुम्ही चिपळूणच्या, म्हणून थोडे वळण घेतो. तुमच्या घराची भिंत जांभ्याची असेल तर या ओळीतला निम्मा हिशेब तुमच्या भिंतीत आहे. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, याचे पृथक्करण भूशास्त्रज्ञ ऑक्साइडांतच मांडतात : इतके टक्के सिलिका, इतके ॲल्युमिना, इतका मॅग्नेशिया, इतका सोडा (म्हणजे अनुक्रमे सिलिकॉन, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांचे ऑक्साइड). निम्म्याच्या आसपास सिलिकाच असते. या कातळावर लाखो वर्षे कोकणातला पाऊस पडला. सोडियम आणि मॅग्नेशियम आधी वाहून गेले, आम्लारिधर्मी मंडळी पाण्याला लगेच वश होतात. सिलिका फार हळू विरघळते, लिटरमागे काही मिलिग्रॅम, पण निसर्गाला घाई कुठे होती? तीही बरीचशी गेली. पावसाचे पाणी तुमच्या पातेल्यातल्या त्या ४ ते ८.५ च्या पट्ट्यात बसते, म्हणून ॲल्युमिना हलला नाही. लोखंडाचा ऑक्साइडही हलला नाही आणि त्यानेच जांभ्याला रंग दिला. जिथे ॲल्युमिना जास्त साचला तिथे त्याला बॉक्साइट म्हणतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर तो आहे.

त्यातून ॲल्युमिना काढायची रीत तुमच्या सोड्याचीच. १८८७ च्या सुमारास कार्ल योझेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ रशियात काम करत होता. कापडावर रंग पक्का बसवायला ॲल्युमिना लागायचा, त्यासाठी त्याने बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवले. उभयधर्मी ॲल्युमिना विरघळला, लोखंडाचा ऑक्साइड तसाच लाल गाळ होऊन खाली बसला. जगातले ॲल्युमिनियम आजही मुख्यतः याच पहिल्या पायरीवरून येते. तुमचे पातेलेही.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. आमच्या इंडक्शन भट्टीला ॲसिडिक लायनिंग (आतले अस्तर) आहे असे म्हणतात. अस्तरासाठी ठोकून बसवायचे रॅमिंग मास हातात घेतले तर कोरडी वाळू. त्यात ॲसिड कुठे आहे? बोरिक ॲसिड मिसळतो म्हणून म्हणतात का?

उत्तर : प्रश्न फार आवडला. बोरिक ॲसिडवरून नाव नाही, ते फक्त कण एकमेकांना चिकटावेत म्हणून. तुमची वाळू म्हणजे सिलिका, आणि सिलिका हेच इथले ॲसिड. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून लिटमसला कळत नाही. पण दीड हजार अंशांवर पाण्याची गरजच कोणाला? तिथे आम्लधर्मी ऑक्साइड आणि आम्लारिधर्मी ऑक्साइड थेट भिडतात आणि वितळलेला सिलिकेट तयार होतो. तुमच्या भाषेत स्लॅग.

लायनिंगचे तीन प्रकार तुम्ही ऐकले असतील. बेसिक म्हणजे मॅग्नेशिया, न्यूट्रल म्हणजे ॲल्युमिना, ॲसिडिक म्हणजे सिलिका. आवर्तसारणीत पाहा, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, शेजारी-शेजारी तीन घरे. भट्टीवाल्यांनी ती ओळ कॉलेजात न जाता बरोबर लावली आहे. तिघेही टिकतात, कारण त्यांचे अणू-आयन सगळीकडून एकमेकांत जखडलेले. मॅग्नेशिया वितळायला सुमारे २,८५० अंश सेल्सियस लागतात, ॲल्युमिनाला २,०७० च्या आसपास, सिलिकाला १,७०० च्या. त्यापुढच्या फॉस्फरस-गंधकाच्या ऑक्साइडांचे रेणू सुटे असतात, एकमेकांना धरून नाहीत. गंधकाचा ट्रायॉक्साइड १७ अंशांना वितळतो. त्याचे लायनिंग कोण करणार?

कोणत्या लायनिंगमध्ये काय वितळवायचे हे त्यावरूनच ठरते. जास्त मँगनीजचे स्टील सिलिकाच्या भट्टीत घेतले तर मँगनीजचा आम्लारिधर्मी ऑक्साइड लायनिंग खातो. तसले काम मॅग्नेशियाचे.

याच गोष्टीने एकोणिसाव्या शतकात युरोपचा पोलाद-धंदा अडवून धरला होता. बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करायची रीत काढली. कार्बन जळून जायचा, पण खनिजात फॉस्फरस असला तर तो जाता जात नसे आणि पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचे. फॉस्फरस जळत नव्हता असे नाही. जळून त्याचा आम्लधर्मी ऑक्साइड व्हायचा, पण भट्टीला आतून अस्तर सिलिकाचे. आम्लाने आम्लाला आसरा कशाला द्यावा? ऑक्साइड मोडून फॉस्फरस परत लोखंडात जायचा. लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने संध्याकाळी रसायनशास्त्र शिकून हे ओळखले. वेल्समध्ये लोखंडाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेला त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट सोबतीला होता. त्यांनी अस्तर डोलोमाइटचे केले, म्हणजे मॅग्नेशिया आणि चुना, आणि घाण्यातही चुना टाकला. फॉस्फरसचा ऑक्साइड चुन्याला चिकटून स्लॅगमध्ये गेला. हे १८७८-७९ चे. तो स्लॅग दळून शेतकऱ्यांनी खत म्हणून वापरला, फॉस्फेटच होते ते. थॉमस १८८५ मध्ये वारला, वय ३४. मला विचाराल तर या ओळीवरची इतकी चांगली गोष्ट पाठ्यपुस्तकात यायलाच हवी होती.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. सोडियमचा तुकडा हवेत जाळला तर पिवळसर पावडर मिळते, पुस्तकात ऑक्साइड पांढरा आहे. मॅग्नेशियमच्या राखेवर पाणी टाकल्यावर मुलांना अमोनियाचा वास आला. कुठे चुकते?

उत्तर : कुठेच नाही सर, मुलांची नाके शाबूत आहेत. भरपूर हवेत सोडियम जळला की मुख्यतः पेरॉक्साइड होतो, त्यात एकास एक ऑक्सिजन. तो पिवळसर. तक्त्यातला अर्धा ऑक्सिजनवाला हवा असेल तर ऑक्सिजन तोलून-मापून द्यावा लागतो. पेरॉक्साइड कामाचा आहे, तो कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि ऑक्सिजन सोडतो, म्हणून पाणबुड्यांसारख्या बंद जागी वापरला गेला. मॅग्नेशियमचे म्हणाल तर जळताना ते हवेतल्या नायट्रोजनशीही थोडे जुळते. त्या नायट्राइडावर पाणी पडले की अमोनिया. वासाच्या जागी ओला लाल लिटमस धरा, निळा होईल. जळती फीत कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत सोडलीत तर विझणार नाही, बाटलीच्या काचेवर काळा कार्बन दिसेल. काळा चष्मा मात्र मुलांना द्या आणि ज्योतीकडे रोखून बघू देऊ नका.

प्रश्न : आम्ही पंढरपूर भागातले ऊस उत्पादक. कारखान्यात गंधक जाळून साखर पांढरी करतात असे ऐकतो. ते गंधक साखरेत येते का? आणि 'सल्फरलेस' साखर म्हणजे काय?

उत्तर : आता माझ्या घरचा प्रश्न आला. तुमचा ऊस चरकातून निघाला की जो रस येतो तो हिरवट-काळपट, गढूळ आणि किंचित आंबट, सामू साधारण सव्वापाच. आंबट रस तसाच तापवला तर साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. कारखान्यात याला इन्व्हर्जन म्हणतात आणि हा शब्द कानावर आला की चीफ केमिस्टच्या कपाळाला आठ्या पडतात. पोत्यात भरायची साखर मळीत जाते. बरे, चुना घालून रस सरळ क्षारधर्मी केला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडतात आणि रंग आणखी काळा होतो. मार्ग मधूनच काढावा लागतो.

म्हणून सत्तर-पंचाहत्तर अंशांना तापवलेल्या रसात एका बाजूने चुन्याचे दूध आणि दुसऱ्या बाजूने गंधकाचा धूर, दोन्ही एकाच वेळी सोडतात. चुना आम्लारिधर्मी, सल्फर डायऑक्साइड आम्लधर्मी. दोघे भिडले की कॅल्शियम सल्फाइटचा बारीक साका तयार होतो आणि रसातला रंग, मेण, माती अंगाला लावून खाली बसतो. तो म्हणजे तुम्ही शेतात टाकता ते प्रेसमड. वर निवळ रस राहतो, सामू ७ च्या जवळ. ड्यूटीवरच्या केमिस्टचे सगळे लक्ष या आकड्यावर. सल्फर डायऑक्साइड काही रंगद्रव्यांना फिकटही करतो, पण तो फिकेपणा कायमचा नाही. साठवणीत अशी साखर हळूहळू पिवळसर होते, ती याच कारणाने.

साखरेत येते ते गंधक नव्हे, सल्फाइटचा थोडा अंश. बहुतेक गाळात आणि वाफेत जातो.

गंधक जाळणे ऐकायला सोपे वाटते, पण भट्टीवर एक धास्ती असते. धूर फार गरम राहिला आणि हवा ओलसर असली तर डायऑक्साइडचा थोडा भाग ट्रायॉक्साइड होतो, दोनाचे तीन ऑक्सिजन. वर सांगितलेला हिशेब आठवा. एका जादा ऑक्सिजनने मवाळ सल्फ्युरस आम्लाच्या जागी सल्फ्युरिक आम्ल येते, पाइप खाते आणि रसात इन्व्हर्जन वाढवते. म्हणून भट्टीत घ्यायची हवा कोरडी करतात, आणि धूर बाहेर पडताच भोवती पाणी खेळवून २०० अंशांच्या खाली उतरवतात. आम्ल बनवणाऱ्या कारखान्यात ह्याच्या नेमके उलटे. तिथे व्हॅनेडियमचा ऑक्साइड उत्प्रेरक म्हणून ठेवून, चार-साडेचारशे अंशांना, मुद्दाम ट्रायॉक्साइड करतात. तो पाण्यात सोडत नाहीत, कारण आम्लाचे धुकेच उठते आणि आवरत नाही. तो ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लात मुरवतात, मग बेताने पाणी घालतात.

'सल्फरलेस' साखरेत गंधकाच्या जागी बहुतेक वेळा त्याचा डावीकडचा शेजारी येतो. कच्ची साखर पुन्हा विरघळवून त्यात फॉस्फोरिक आम्ल आणि चुना घालतात. कॅल्शियम फॉस्फेटचा फेसाळ साका रंग घेऊन वर तरंगतो, तो काढून टाकतात. तत्त्व तेच, आम्लधर्मी आणि आम्लारिधर्मी यांची गाठ घालायची आणि घाण त्यांच्या गळ्यात बांधायची.

सिलिकाही कारखान्यात पोचते, तुमच्या उसातूनच. उसाच्या पाल्याने हात कापतात ना, त्या धारेत सिलिका असते. रस आटवताना शेवटच्या बॉडीच्या (रस आटवायच्या भांड्याच्या) नळ्यांवर तिचा चिवट थर बसतो. त्यासाठी क्लीनिंगच्या दिवशी कॉस्टिक सोडा उकळतात, आम्लधर्मी सिलिका त्यात सोडियम सिलिकेट होऊन सुटते. प्रयोगशाळेत कॉस्टिकच्या बाटलीला आम्ही काचेचे बूच कधी लावत नसू, तेही याचमुळे. काचेतली सिलिका आणि कॉस्टिक मिळून बूच असे धरून बसते की बाटलीची मान मोडावी लागते. रबरी बूच लावा.

प्रश्न : सावंतवाडीजवळच्या गावात पाणीपुरवठ्याचे काम बघतो. टीसीएल पावडरीतला (ब्लीचिंग पावडरीतला) क्लोरीन पेट घेतो का? गोदामात गंधक नाही, मग भीती कशाची?

उत्तर : क्लोरीन ऑक्सिजनमध्ये जळत नाही. या ओळीत जळून आपसूक ऑक्साइड देणारे गंधकाशी संपतात. क्लोरीनचे ऑक्साइड आडवाटेने करावे लागतात आणि ते स्फोटक. साडेतीनवाला करायचा तर परक्लोरिक आम्लातले पाणी फॉस्फरसच्या ऑक्साइडाने, थंडीत, काढून घ्यायचे. शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला पिळायचे. तुमच्या कामाचे एवढेच, की पाण्यात क्लोरीन दोन आम्लांत विभागतो, हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस, आणि जंतू मारते ते दुसरे. टीसीएल स्वतः पेटत नाही, पण तेल, डिझेल, लाकडाचा भुसा यांच्यासोबत ठेवली तर आग लावू शकते. आणि संडास धुण्याचे ॲसिड तिच्यावर कधीही सांडू देऊ नका. क्लोरीन वायू लगेच सुटतो, फुप्फुसात जातो. दोन्हींची कपाटे वेगळी करा.

प्रश्न : सिन्नरला आर्गन वेल्डिंग करतो. ॲल्युमिनियमला आर्गन का लागतो, आणि डीसीवर काम का होत नाही? आर्गनचा ऑक्साइड का नसतो?

उत्तर : ओळीच्या शेवटच्या घरी शेवटचे पत्र. अरगॉनचे, म्हणजे तुमच्या आर्गनचे, बाहेरचे कवच भरलेले, त्याला देणे नाही, घेणे नाही. १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्से या शास्त्रज्ञांना तो सापडला तोही वजनातल्या फरकामुळे. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. हवेत तो ०.९३ टक्के आहे, तुमचा सिलिंडर हवेतूनच भरला जातो.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यावरची साय मात्र २,०७० ला. म्हणजे आत धातूचे पाणी झाले तरी वर पिशवी तशीच, दोन कडा एकमेकांत मिसळत नाहीत. एसीमध्ये विजेची दिशा सारखी उलटते. ज्या अर्ध्या फेऱ्यात इलेक्ट्रोड धन असतो त्यात साय फुटून उडते, दुसऱ्या अर्ध्यात धातू वितळतो, आणि आर्गन वर पांघरूण घालून नवी साय धरू देत नाही. डीसीवर इलेक्ट्रोड ऋण ठेवलात तर साय फुटत नाही, धन ठेवलात तर टंगस्टनच वितळू लागते. वेल्डिंगआधी स्टीलच्या ब्रशने घासता तेही साय पातळ करायलाच. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवा.

आणि टाकीच्या आत उतरून काम करत असाल तर लक्षात असू द्या, आर्गन हवेपेक्षा जड आहे. तो तळाशी साचतो, वास नाही, ठसका नाही, गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस आडवा होतो. खालून हवा खेळवणारा ब्लोअर लावा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा.